पॉइंटर जिथे, कीबोर्ड तिथे

"बाबा, तुम्ही आईला कधी सॉरी म्हणालात का? लग्न झाल्यापासून, एकदा तरी?"

प्रश्न माझा नव्हता. झुरळ आणि घंटी या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो मला पैजेवर दिला होता. वादविवाद स्पर्धेत माइक बंद पडला तरी मी थांबले नाही आणि माझं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं, तेव्हापासून माझ्या अंगात वारं भरलंय असं त्यांचं मत. "स्टेजवर काय कुणीही ओरडेल," झुरळ म्हणाली, "घरी जेवताना बाबांना एवढं विचारून दाखव." झुरळचे स्वतःचे बाबा पाय लागला तर सोफ्यालासुद्धा सॉरी म्हणतात, त्यामुळे तिला हे सगळं सोपं वाटतं.

बाबांचा चमचा हवेतच थांबला. त्यांनी खरंच विचार केला, छताकडे बघत, तोंडी गणित सोडवताना करतात तसा.

"तशी वेळ कधी आली नाही," ते म्हणाले.

आईला जोरात ठसका लागला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. मिरपूड गेली नाकात."

ताटात मिरपूड नव्हती.

मी पैज जिंकले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बाबांचा आवाज काढून ते वाक्य म्हणून दाखवलं, तर घंटी हसता हसता बाकावरून खाली आली. मग आमचं तेच सुरू झालं. गृहपाठ केलास का? तशी वेळ कधी आली नाही. केस विंचरलेस का? तशी वेळ कधी आली नाही.

आणि मग ती वेळ आली. चांगली दार ठोठावून आली, आणि माझे वडील घरात असून त्यांनी दार उघडलं नाही. त्याचा मला जो राग आलाय तो मी इथे लिहिणार आहे, कारण बोलून बोलून माझा घसा बसलाय.

आधी आईचं काम सांगते, नाहीतर काही कळणार नाही. माझी आई दुसऱ्यांचं बोलणं लिहिते. एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकणारी एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. वर्गात प्राध्यापकांच्या कॉलरला माइक लावलेला असतो. त्यांचा आवाज आमच्या घरी आईच्या हेडफोनमध्ये येतो. आई तो जसाच्या तसा टाइप करते, आणि एंटर दाबला की ती ओळ तिकडे वर्गात, फळ्याशेजारच्या मोठ्या पडद्यावर उमटते. प्राध्यापक खोकले तर आई 'खोकतात' असंही लिहिते. हे सगळं ती डोळे मिटून करते. डोळे उघडे ठेवले की शब्द निसटतात, म्हणते.

त्या मुलीला आम्ही घरात 'दगडवाली' म्हणतो, लाडाने. आईने तिला कधी पाहिलेलं नाही. पण एकदा तास संपल्यावर तिने उलट एक ओळ पाठवली होती: 'आज तुम्ही सरांचा विनोदही लिहिलात. मी पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर हसले. एरवी मला तो नंतर कुणीतरी समजावून सांगतं.' ती ओळ आईने मला वाचून दाखवली, मावशीला वाचून दाखवली, गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसालासुद्धा दाखवली. इतकी खूश मी तिला माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिलेली नाही, आणि माझा निकाल वाईट नव्हता.

आता बाबा. बाबा एका मोठ्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सांभाळतात. घरचा कॉम्प्युटर म्हणजे त्यांचं थोरलं अपत्य, माझ्या आधीचं आणि माझ्यापेक्षा शहाणं. तो त्यांनी सुटा सुटा आणून जोडलाय आणि आतलं सगळं स्वतःच्या मनासारखं करून घेतलंय. त्यात विंडोला बंद करायची फुली नाही, वरची पट्टी नाही, काही नाही. पाहुणा आला तर त्याला तो वापरता येत नाही, आणि याचाच बाबांना अभिमान आहे.

त्यात त्यांचा एक लाडका नियम आहे. बाकीचं जग काय करतं? ज्या विंडोत लिहायचं तिच्यावर क्लिक करतं. मग पॉइंटर, म्हणजे तो माउसचा बाण, कुठेही उंडारत असू दे, टाइप केलेलं त्या विंडोतच जातं. बाबांच्या मते क्लिक म्हणजे फुकटचा श्रम. त्यांचा नियम असा, की पॉइंटर जिथे, कीबोर्ड तिथे. पॉइंटर नुसता एखाद्या विंडोवर सरकला की कीबोर्ड तिचा झाला. ती विंडो वर असो नाहीतर दुसरीच्या खाली अर्धी दबलेली असो. कुठल्या विंडोकडे कीबोर्ड आहे ते कळावं म्हणून तिच्या कडेची बारीक रेघ केशरी होते. तीही एवढी बारीक, की आधी सांगितल्याशिवाय दिसत नाही.

आईचं काम सुरू झालं तेव्हाच तिने हात जोडले होते. "अहो, मी डोळे मिटून टाइप करते. तुमचा उंदीर कुठे बसलाय हे मी कशी बघू?" तेव्हा बाबांनी कुरकुरत क्लिकची पद्धत ठेवली. शिवाय तिला दोन कळा ठरवून दिल्या. एक दाबली की वर्गाची विंडो वर येई आणि कीबोर्ड तिला मिळे. दुसरी दाबली की मावशीशी गप्पा मारायची विंडो वर येई आणि कीबोर्ड तिला. आईच्या बोटांना ते इतकं सवयीचं झालं, की ती तास आणि मावशी दोन्ही सांभाळत चहासुद्धा प्यायची.

मग बाबांना हुक्की आली. एका रविवारी त्यांनी कॉम्प्युटरची सगळी व्यवस्था पुसून नव्याने बसवली. संध्याकाळी हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "आता कसा हलका झालाय!" आईने विचारलं, "माझं सगळं आहे ना जसंच्या तसं?" ते म्हणाले, "आहे गं, आहे." तरी सोमवारी सकाळी आईला तिच्या अर्ध्या कळा सापडेनात. बाबा बूट घालता घालता म्हणाले, "नव्या जास्त सोयीच्या आहेत. चार दिवसांत बोटांना सवय होईल." बोटं कुणाची, सवय कुणाला, हे विचारायला आम्ही तोंड उघडेपर्यंत ते जिना उतरून गेले होते.

मंगळवारी माझी अर्धी शाळा होती. मी दुपारी घरी आले तेव्हा आईचा तास चालू होता, म्हणून मी आवाज न करता जमिनीवर बसून बूट सोडत होते. मध्ये प्राध्यापकांनी थोडा वेळ सुट्टी दिली. आईने डोळे उघडले, मला बघून हसली, कपाकडे हात नेला, आणि मावशीची कळ दाबली. मावशीची विंडो वर आली. मी ती खालून बघितली. आई खिडकीबाहेर बघत भराभर टाइप करत होती. ती मावशीला काय लिहीत होती ते मला नंतर कळलं:

'आपल्या सोयीसाठी सगळ्यांनी आपल्याभोवती नाचायचं, ही कुठली पद्धत? मला आता कंटाळा आलाय गं सांभाळून घेण्याचा.'

एंटर.

हेडफोनमधलं मला काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त आईचा चेहरा दिसत होता, आणि त्यावरचा रंग कुणीतरी पुसून घ्यावा तसा उतरला. तिने कप ठेवला. अर्धा टेबलावर, अर्धा हवेत; चहा सगळा माझ्या दप्तरावर. तिने माउस खसकन ओढला, वर्गाची कळ दाबली, घाईघाईत काहीतरी टाइप केलं, एंटर दाबला आणि हेडफोन कानांवर दाबून धरून बसून राहिली.

"आई, काय झालं?"

"वर्गात हसतायत," ती म्हणाली. मग म्हणाली, "कुणाची तरी खुर्ची सरकली."

ती ओळ वर्गातल्या मोठ्या पडद्यावर गेली होती. सगळ्या वर्गासमोर. आणि त्या वर्गात जिच्यासाठी पडदा लावावा लागतो, जिच्या सोयीसाठी कुणालातरी टाइप करावं लागतं, अशी एकच मुलगी होती. खुर्ची तिची होती.

संध्याकाळी आईला हे काम देणाऱ्या संस्थेतल्या मॅडमचा फोन आला. बाबा घरी आले होते. आई उभ्यानेच एकेक वाक्य परत म्हणत ऐकत होती. मुलगी वर्गातून उठून गेली, वसतिगृहातून थेट घरी निघून गेली. तिच्या भावाचा फोन आला होता. तिचे तास आता दुसऱ्या कुणालातरी दिलेत. शुक्रवारी सकाळी दोघं बहीणभाऊ संस्थेत येणार आहेत, आईनेही यायचं, आणि तिथे काय ते ठरेल.

"मॅडम, मी त्याच मिनिटाला तिची माफी मागितली," आई म्हणाली. "लगेच लिहिलं मी."

पलीकडून काहीतरी बोलणं झालं. आई खाली बसली.

"नाही, मी लिहिलं," ती म्हणाली. "मी खरंच लिहिलं हो."

फोन ठेवल्यावर तिने आम्हाला सांगितलं. पडद्यावर माफीबिफी काही आली नव्हती. मॅडम म्हणाल्या, चूक एखाद्या वेळी होते, पण खोटं तरी बोलू नका.

माझी आई! जी भाजीवाल्याने चुकून जास्त दिलेली एक मिरची परत द्यायला जिना उतरते!

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता उठतील, तिच्या खांद्यावर हात ठेवतील. बाबा फोनकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"मी नेहमी सांगतो," ते म्हणाले, "टाइप करताना स्क्रीनकडे बघावं. ती केशरी रेघ मी उगाच दिलीय का? आणि कामाच्या वेळी बहिणीशी गप्पा हव्यातच कशाला?"

"हो," आई म्हणाली. "माझंच चुकलं."

मी तेव्हा गप्प बसले, कारण मलाही तसंच वाटलं होतं. आईचं बोट चुकलं असेल. चुकतं माणसाचं.

बुधवारी दुपारी मावशीचा फोन आला. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती, म्हणून मी घेतला.

"काय गं, तुझी आई बरी आहे ना? काल मला काय वाटेल ते लिहिलंय तिने."

"काय लिहिलंय?"

"माझीच माफी मागतेय! 'माफ कर. हे तुझ्यासाठी नव्हतं. चुकून आलं. मनापासून माफ कर.' आता काय माझ्यासाठी नव्हतं? मला तर त्याआधी काही आलंच नाही! कालपासून डोकं खाजवतेय मी. तिच्या वाढदिवसाला मी ती निळी पर्स दिली, ती परत देतेय की काय?"

"मावशी, परत वाच."

"अगं, वाचलं की आत्ता."

"परत वाच ना!"

तिने परत वाचलं आणि माझ्या हातावर काटा आला. माफी मावशीकडे गेली होती! म्हणजे जे मावशीला जायचं ते वर्गात गेलं, आणि जे वर्गात जायचं ते मावशीला. एकदा विंडो चुकली तर तो वेंधळेपणा म्हणू. पण लागोपाठ दोनदा, आणि दोन्ही वेळा बरोबर उलट? एवढी उलटीपालटी बोटांना जमत नाही. हे कॉम्प्युटरलाच जमतं.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. वर्गाच्या विंडोला हात लावायची माझी हिंमत नव्हती, म्हणून माझ्या निबंधाची एक विंडो उघडली, तिच्याशेजारी, थोडी वर चढवून, एक कोरं पान. पॉइंटर निबंधाच्या उघड्या कोपऱ्यावर सोडला. कळ दाबून कोरं पान वर आणलं. आलं, छान, सगळ्यात वर, जणू म्हणतंय, लिही माझ्यावर. मी डोळे मिटून 'गाढव' टाइप केलं.

डोळे उघडले तर कोरं पान कोरंच. गाढव माझ्या निबंधात, 'माझे आदर्श' या परिच्छेदाच्या मधोमध.

मग मी आईसारखी घाबरून माउस ओढला. पॉइंटर कोऱ्या पानाच्या कडेवर गेला. कळ दाबून निबंध वर आणला आणि 'माफ कर' टाइप केलं. तरी ते कोऱ्या पानावरच उमटलं.

म्हणजे बाबांनी नवं सगळं बसवताना आपला नियम परत आणला होता. पॉइंटर जिथे, कीबोर्ड तिथे. आईची कळ विंडो वर तर आणत होती, पण कीबोर्ड तिच्या हातात देत नव्हती. 'आहे गं, आहे' म्हणाले होते! तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती कुठल्या वाटेने जाते ते मला त्या दुपारी नीट कळलं.

आईला मी काही सांगितलं नाही; ती लगेच बाबांना सांभाळून घेईल याची मला खात्री होती. झुरळला आणि घंटीला सांगितलं. झुरळ म्हणाली, "बाबांना माहीतच नसेल गं." घंटी म्हणाली, "केशरी रेघेचं कोण बोललं मग?"

घंटीला वर्गात सगळे मठ्ठ समजतात. तिचं ते वाक्य मी गुरुवारचा अख्खा दिवस डोक्यात घेऊन फिरले. क्लिकच्या पद्धतीत ज्या विंडोकडे कीबोर्ड असतो तीच वर असते. तिची रेघ बघायची गरजच पडत नाही. आईला वर्षभरात कुणी ती रेघ बघायला सांगितलं नव्हतं. मग बाबांना ती नेमकी मंगळवारीच कशी आठवली?

गुरुवारी संध्याकाळी बाबा आले. मी त्यांना बूटसुद्धा काढू दिले नाहीत.

"बाबा, इकडे या. बसा."

"अगं, पाणी तरी पिऊ दे."

"नंतर. आधी साहेबांना पाठवायचं ते पत्र उघडा. अर्धवट लिहून ठेवलंय ना तुम्ही, तेच. आता कळ दाबून कोरं पान वर आणा. आलं? माउसवरचा हात काढा. डोळे मिटा. मी सांगते ते टाइप करा."

"ही काय नवीन थेरं?"

"आई रोज हेच करते. थेरं नाहीत, काम आहे ते. मिटा डोळे."

त्यांनी मिटले. ते हसत होते, मला लहान समजून हसतात तसं. पॉइंटर कुठे होता ते मी आधीच बघून ठेवलं होतं.

"लिहा. साहेब, तुमच्यासारखा कंजूष माणूस मी जन्मात पाहिला नाही."

"हं. 'पाहिला नाही', पूर्णविराम," बाबा म्हणाले. बोटं त्यांचीही झरझर चालतात.

"उघडा डोळे."

साहेबांच्या पत्रात, 'आपला विश्वासू'च्या बरोबर वर, ती ओळ बसली होती. बाबा खुर्चीतून उडाले. हात थेट माउसवर.

"हात लावू नका!" मी ओरडले. "अस्साच लावला होता आईने! तुमचं तर अजून पाठवलेलंही नाही. तिचं सगळ्या वर्गाने वाचलं!"

आई आतून धावत आली. तिला वाटलं, शॉक लागला कुणालातरी.

"आई, ऐक. तुझी माफी गेली होती. मावशीकडे गेली. तू लिहिलंस, तू खोटं बोलली नाहीस. तू पहिल्यांदाही बरोबर होतीस आणि दुसऱ्यांदाही. यांनी तुझी क्लिकची पद्धत काढून टाकली. आणि 'आहे गं, आहे' म्हणाले!"

आईने बाबांकडे बघितलं.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"नवीन बसवताना राहून गेलं," बाबा म्हणाले. "मुद्दाम नव्हतं केलेलं. मला वाटलं, जुन्यातून आपोआप आलं असेल."

"ते नाही विचारत मी. मॅडमचा फोन आला तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"

बाबांनी चष्मा काढला.

"लक्षात आलं होतं," ते म्हणाले.

"कधी?"

"तिने फोन ठेवला तेव्हाच."

दोन दिवस! दोन दिवस हा माणूस मूग गिळून जेवला, आंघोळी केल्या, पेपर वाचला. माझी आई भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि हा माणूस शेजारच्या खोलीत शिट्टी वाजवत इस्त्री करत होता. वर म्हणे स्क्रीनकडे बघावं! चोर तो चोर, वर शिरजोर. हे मी मनात नाही म्हटलं, मोठ्याने म्हटलं.

"जीभ आवर," बाबा म्हणाले. "आणि सांगून काय होणार होतं? गेलेली ओळ परत येणार होती का? उगाच घरात तमाशा. थांब, एका ओळीचं काम आहे."

आणि त्यांनी खरंच ते केलं. काहीतरी फाइल उघडली, एक शब्द खोडला, दुसरा लिहिला, दोन कळा दाबल्या. मी नाक पुसेपर्यंत काम तमाम. पॉइंटर इकडेतिकडे फिरवून दाखवला. कीबोर्ड जागचा हलला नाही.

"झालं," ते म्हणाले. "मिटलं."

एका ओळीचं काम! एवढंसं! एवढ्यासाठी ती दोन दिवस स्वतःला दोष देत राहिली! ते काम अवघड असतं ना, तर मी त्यांना कदाचित माफ केलं असतं.

"मिटलं?" आई म्हणाली. इतक्या हळू, की मी ओरडायची थांबले.

"म्हणजे, आता पुन्हा नाही होणार," बाबा म्हणाले.

आई स्टुलावर बसली. "हो. बरं. उद्या मी जाते, हात जोडते, माझ्या हलगर्जीपणामुळे झालं म्हणते आणि विषय संपवते. काम राहिलं तर राहिलं."

"पण तुझा हलगर्जीपणा नव्हताच!"

"अगं, मग काय सांगू तिथे? आमच्या घरचा उंदीर असा चालतो नि तसा चालतो? कोण ऐकून घेईल?"

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "कुणाला काही कळणार नाही. लोक हसतील. घरातली सेटिंगं कशाला चव्हाट्यावर मांडायची?"

"आणि ते वाक्य?" आई म्हणाली. "ते वाक्य कुणाबद्दल होतं, हे विचारलं तर?"

"कुणाबद्दल होतं?"

शपथ घेऊन सांगते, त्यांनी खरंच विचारलं. भाबड्या चेहऱ्याने. ते वाक्य दोन दिवस आमच्या घरात फिरत होतं, त्यांनी ते आईच्या तोंडून ऐकलं होतं, आणि त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"तुमच्याबद्दल," आई म्हणाली.

आईने नजर काढून घेतली नाही. मी तिला असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. एरवी ती बोलून झालं की लगेच ओट्याकडे वळते, काहीतरी झाकण ठेवायला.

"सोमवारी बूट घालताना तुम्ही म्हणालात ना, चार दिवसांत सवय होईल," ती म्हणाली. "त्याबद्दल होतं. आणि आधीच्याही पुष्कळ सोमवारांबद्दल."

"मग मला सांगायचंस."

"सांगितलं. दरवेळी सांगितलं."

मग बाबा त्यांच्या ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. ते आपण आपल्यात बोलू. त्याचा संस्थेशी संबंध नाही. उद्या थोडक्यात माफी मागून ये."

थोडक्यात! आणि मला ती मुलगी दिसायला लागली. मी तिला कधी पाहिलेलं नाही, तरी दिसली. ती घरी बसलीय आणि ती ओळ तिच्या डोळ्यांसमोरून जात नाहीय. तिला वाटतंय, मी सगळ्यांना माझ्याभोवती नाचवते. तिला वाटतंय, जी बाई मला विनोदसुद्धा पोचवायची तिला माझा कंटाळा आलाय. हे तिला आत्ता या क्षणी वाटतंय, आणि इथे माझे वडील इज्जत घडी घालून कपाटात ठेवतायत, आणि माझी आई त्यांना घड्या घालायला मदत करतेय. मला दोघांचाही राग आला. बाबांचा जास्त, पण आईचाही.

"आई," मी म्हटलं, "तू उद्या नुसती माफी मागितलीस, तर तिला काय कळेल? की ते वाक्य तिच्यावरच होतं, आणि आता काम जाईल म्हणून तू हात जोडतेस. तुला तेच हवंय का?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मान हलवली. नाही.

"पण मी तिथे नवऱ्याची गाऱ्हाणी सांगत बसू?"

"तू नको सांगू."

मी कॉम्प्युटरची खुर्ची ओढून बाबांच्या आणि टेबलाच्या मधे बसले. ती फाइल अजून उघडीच होती. बाबांनी जो शब्द खोडला होता तो मी परत लिहिला, जो लिहिला होता तो खोडला. त्याच दोन कळा दाबल्या. पॉइंटर सरकवला आणि केशरी रेघ त्याच्यामागून नाचत गेली.

"अगं, हे काय करतेस? आत्ता तर नीट केलं!" बाबा म्हणाले.

"ऐका दोघं," मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, पण माइक बंद पडला होता तेव्हाही कापतच होता. "माझं ठरलंय. उद्या मी शाळेत जाणार नाही. मी आईबरोबर संस्थेत जाणार आहे, आणि हा कॉम्प्युटर जसा आहे तसा घेऊन जाणार आहे. डबा, स्क्रीन, कीबोर्ड, माउस, सगळा. तिथल्या टेबलावर मांडणार. दगडवालीला या खुर्चीवर बसवणार, कळ दाबायला लावणार, आणि डोळे मिटून तिला जे हवं ते टाइप करायला सांगणार. शिवी लिहू दे, काहीही लिहू दे. ते कुठे जातं ते ती स्वतः बघेल. मग मावशीच्या फोनवरची ती माफी तिच्यापुढे धरणार, कारण ती तिची आहे, मावशीची नाही. आणि ते वाक्य कुणाबद्दल होतं, असं तिने विचारलं, तर मी सांगणार आहे. मला त्याची लाज वाटत नाही."

"मी परवानगी देत नाही," बाबा म्हणाले.

"मी विचारलं नाही, बाबा. मी सांगितलं," मी म्हटलं. "आम्ही साडेनऊला निघणार. तुम्हाला यायचं तर या. स्क्रीन जड आहे."